सातबारा आणि रानाची वही
(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



हिवाळा लागला की आपल्यामागे तीन कामे लागतात. दिवसा कापसाची वेचणी, रात्री ज्वारीची जागल आणि उरल्या वेळात कागद. पीक पाहणी, विमा, सोसायटीचे कर्ज, नुकसानीचा अर्ज. उरला वेळ कधी उरतच नाही, म्हणून कागद मागे पडतो. मोकळ्या मनाने रानात हिंडणे, पाखरे पाहणे ही तर शहरवाल्यांची चैन, असे आपण म्हणतो. आम्हीही तेच म्हणत होतो. गेल्या डिसेंबरात मुंबईत चार दिवस काढले आणि आमचे मत बदलले. ते का, एवढेच आज सांगायचे आहे.

आमच्या तिघांच्या ज्वारीत रानडुकरे शिरली. भरले कणीस आडवे झाले. भरपाईचा अर्ज केला, तो फेटाळला गेला. कारण काय? सातबाऱ्याच्या नमुना बारामध्ये त्या गटात ज्वारीच नव्हती, ‘पड’ अशी नोंद होती. वेचणीच्या धांदलीत पीक पाहणी आम्ही केलीच नव्हती. अर्जही आठ दिवस उशिरा गेला होता. दाद मागायला मुंबईच्या एका कार्यालयात गेलो. शुक्रवार होता. साहेब म्हणाले, सोमवारी या.

मग गेलो लालबागला. आमच्या गावचे एक काका तिथल्या चाळीत राहतात. गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि काकांची गिरणी सुटली ती कायमचीच. आपल्या कापसाचे सूत ज्या लालबाग-परळात निघायचे, तिथे आज उंच इमारती उभ्या आहेत. काका म्हणाले, “दोन दिवस चाळीत बसून काय करता? उद्या पहाटे शिवडीला चला.”

शिवडी परळच्या शेजारीच. खाडीचा चिखल, ओहोटीला उघडा पडतो. त्या चिखलात गुलाबी पाखरांचे थवेच्या थवे. लोक फ्लेमिंगो म्हणतात, मराठीत रोहित. आमच्यातला एक म्हणाला, “आमच्याकडे रोही पीक खातो, तुमच्याकडे रोहित नुसता शेवाळ खातो, म्हणून तुम्हाला त्याचे प्रेम!” सगळे हसले. पण बोलणे खोटे नव्हते.

तिथे काही पोरे-पोरी दुर्बीण लावून बसली होती. गंमत पाहायला आलेली, पण प्रत्येकाच्या हातात वही. तारीख, वेळ, ओहोटी, किती पाखरे, कुठे बसली. एका पोरीने आम्हाला विचारले, “काका, तुमच्या शेतात डुकरे कुठल्या रात्री आली? किती होती? कुठल्या बांधाने आली?” आम्हाला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. भावांनो, कार्यालयाने अर्ज फेटाळला तेव्हा राग आला होता. त्या पोरीसमोर मात्र लाज वाटली.

ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथल्या पाखरांची बाजू मांडणाऱ्यांच्या हातात मोजणी असते. आपल्या हातात काय असते? नुसता संताप.

पाखरांचे मोठे जाणकार सालिम अली (१८९६–१९८७) गिरगावच्या खेतवाडीत वाढले. दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांनी एका चिमणीच्या घरट्याची नोंद केली. नर मारला की मादी दुसरा नर आणी. सात दिवसांत आठ नर! मारणे सोडा, ते त्या काळातले. पण पोराने लिहून ठेवले, म्हणून साठ वर्षांनंतरही ती नोंद छापण्याजोगी ठरली. आपण तर पन्नास पन्नास वर्षे रान पाहतो आणि एक ओळ लिहीत नाही.

न लिहिण्याची किंमत काय? सोलापूर-नगरकडच्या कोरडवाहू भावांना विचारा. १९७९ मध्ये माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आखले गेले. त्यात ज्वारीची खाजगी राने आली, जमिनीचे व्यवहार अडले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तोवर तिथे माळढोक दिसणेच दुर्मिळ झाले. शेतकऱ्याला न विचारता आखलेल्या रेषेने शेतकरीही नाडला आणि पाखरूही राहिले नाही. माळढोक टोळ-किडे खाणारा, ज्वारीवाल्याचा सोबती. त्याची नोंद ज्वारीवाल्याने ठेवायला हवी होती.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. कागद, फिरणे आणि जनावरांची कैवारी ही तीन वेगळी कामे नाहीत. आठवड्यात एक सकाळ ठरवा. पोरांना बरोबर घ्या, हुरड्याच्या दिवसांत आगटीही पेटवा. पण बांधाबांधाने एक चक्कर मारा आणि खिशात वही ठेवा. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर शेतात उभे राहूनच करायची आहे, ती त्याच चकरेत उरका. डुकराचा, रोह्याचा, काळविटाचा माग दिसला की तारीख, गट नंबर, किती ओळी मोडल्या ते लिहा, फोटो काढा. नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. पोचेशिवाय अर्ज म्हणजे वाऱ्यावर सोडलेली गोष्ट.

आणि एक हात जोडून सांगणे. कुंपणाच्या तारेत करंट सोडू नका. त्यात वाघ मरतो, हरीण मरते, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला आपलाच भाऊ मरतो.

वन्यजीव देशाचे, असे सरकार म्हणते. कबूल. मग त्यांचे पोट भरण्याचा खर्चही देशाने उचलावा, एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने नाही. ही मागणी आपण करणारच. जनावर जगावे आणि शेतकरीही जगावा, असे ज्याला म्हणायचे आहे, त्याच्या हातात पुरावा हवा.

सोमवारी आमचे काम झाले नाही. ‘पड’ ती ‘पड’च राहिली. पण येताना दादरच्या बाजारातून आम्ही तीन वह्या घेतल्या. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपली वही आणावी, एवढी विनंती करून थांबतो.