झोपेचा जमाखर्च



मी सातवी शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. वैद्यकावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण झोप न येण्याचे दुखणे मी दोन वर्षे काढले, आणि आपल्यांतल्या कितीतरी जणी ते मुकाट्याने काढीत आहेत, म्हणून हे दोन शब्द.

झोपेच्या गोळीची सवय लागते, हे आपण जाणतोच. जुन्या निद्रानाशावर आधी गोळी न देता सवयी व विचार बदलण्याचे शिक्षण द्यावे, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले. हे शिक्षण आता मोबाइलवर मिळते. इंग्लंडातील नाइस या सरकारी संस्थेने २०२२ साली गोळ्यांऐवजी स्लीपिओ या ॲपची शिफारस केली.

माझ्या मुलीने इन्सोम्निया कोच हे ॲप घेतले. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या खात्याने ते विनामूल्य दिले आहे. इंग्रजी ती वाचून सांगे. मला वाटले, ते अंगाई ऐकवील. ते तर हिशेबच मागू लागले! केव्हा पडलात, केव्हा डोळा लागला, किती वेळा जाग आली? आठवड्याने कळले, अंथरुणात आठ तास आणि झोप पाच तासांची. आठ किलो गहू आणून तीन किलो टाकून द्यावे, तसा कारभार!

मग नियम ठरला. रात्री साडेअकराला पडायचे आणि पाचला उठायचे, रविवारीसुद्धा. दुपारी आडवे व्हायचे नाही. झोप येईना तर तळमळत न राहता उठून बाहेर बसायचे. डोळे जड झाले की परत यायचे. अंथरूण म्हणजे झोप, ही गाठ मनाशी पुन्हा बसावी लागते.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, झोप येत नाही म्हणून आणखी कमी झोपायचं?" पहिला आठवडा खरोखरच जड गेला. तिसऱ्या आठवड्यात पडल्यापडल्या डोळा लागू लागला. मग पाव-पाव तासाने वेळ वाढविली.

गोळी चालू असेल तर ती एकदम सोडू नये. फेफरे येणाऱ्यांनी, झोपेत घोरून श्वास अडकणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मोबाइल सकाळी हिशेबापुरता घ्यावा, रात्री उशाशी नको.

भगिनींनो, घरातल्या प्रत्येकाच्या झोपेची काळजी आपण घेतो. आपली झोप मात्र उरल्या वेळेची, असे सारे धरून चालतात. हा उपाय घरच्यांच्या साथीवाचून होत नाही. तेव्हा "माझ्या झोपेची ही वेळ" असे घरात सांगण्यास संकोचू नका.