वादळ, तुफान आणि इअसार

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



भाषाशास्त्र हा माझ्या अधिकाराचा विषय नव्हे. मी परिचारिकेची पदविका घेतली आणि नोकरीची सारी वर्षे रुग्णांच्या उशाशी घालविली. त्यांपैकी बरीच ओमानमध्ये, मस्कत येथे. मोठ्या वादळाला निरनिराळ्या भाषांत काय म्हणतात, आणि त्या शब्दांचे आपण पुढे काय करतो, हा प्रश्न मला तेथे पडला. आज त्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

जून २००७ मध्ये ‘गोनू’ हे चक्रीवादळ ओमानवर आले. अरबी समुद्रात तोवर नोंदल्या गेलेल्या वादळांत ते सर्वांत प्रबळ होते. ओमानमध्ये सुमारे ५० माणसे दगावली. ते येण्यापूर्वी आम्ही मराठी आणि हिंदी बोलणारी मंडळी एकमेकांना सांगत होतो, “तुफान येणार.” आपल्या मनात तुफान म्हटले की वारा उभा राहतो: खिडक्या लावा, पत्रे बांधा, झाडाखाली उभे राहू नका. हा शब्द आपल्याकडे फारसीमार्गे अरबीतून आला. पण अरबीत ‘तूफान’ म्हणजे प्रथम पाणी. नोआखच्या जलप्रलयाला तेथे हाच शब्द आहे. प्रवासात त्या शब्दातील पाणी आटले आणि वारा तेवढा उरला.

गोनूने मूळ अर्थ सिद्ध केला. ओमानमध्ये ‘वादी’ म्हणजे कोरडे नदीपात्र. वर्षातील बहुतेक दिवस तेथे खडी आणि वाळूच असते. त्या वाद्या काही तासांत भरून वाहिल्या. मस्कतमधील कुर्म भाग पाण्याखाली गेला, रस्ते वाहून गेले. समुद्राचे पाणी गोडे करणारी केंद्रे बंद पडली आणि शहराचे नळ कोरडे झाले. वॉर्डात हात धुण्याचे पाणीदेखील आम्हांला मोजून वापरावे लागले. वाऱ्याची धास्ती घेतलेल्या पुष्कळांना पाण्याने गाठले होते.

तेथील वृत्तपत्रांत चक्रीवादळाला ‘इअसार’ म्हणत. या शब्दाचे धातुरूप ‘पिळणे, दाबून काढणे’ या अर्थाचे आहे. त्याच धातूपासून ‘असीर’ म्हणजे फळाचा रस आणि ‘मअसरा’ म्हणजे तेलाचा घाणा. हे कळले तेव्हा मला आपल्या वाडवडिलांची आठवण झाली. कुलाबा जिल्ह्यात आपल्याला ‘शनवार तेली’ म्हणत, कारण आपण घाणे चालवीत असू आणि शब्बाथला ते बंद ठेवीत असू. घाणा गोल फिरतो आणि पिळून काढतो. चक्रीवादळही तेच करते. मराठीने त्यातील चक्र पाहिले, अरबीने पिळणे पाहिले. इंग्रजी ‘सायक्लोन’ हा शब्द तर आपल्याच देशात घडला. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकात वर्तुळवाचक ग्रीक शब्दावरून तो योजला. त्यांच्या डोळ्यांपुढे सर्पाचे वेटोळे होते.

आता लाक्षणिक वापराकडे वळू. आपण म्हणतो, सभा वादळी झाली, नेत्याचा दौरा झंझावाती झाला, चित्रपटाला तुफान गर्दी होती. क्षुल्लक गोष्टीचा गाजावाजा झाला की ते ‘चहाच्या पेल्यातील वादळ’. अरबी माणूस त्यालाच ‘फिंजानातील वावटळ’ म्हणतो, फिंजान म्हणजे कॉफीची लहान पेली. आपले इस्राएलमधील नातेवाईक हिब्रूत ‘पाण्याच्या पेल्यातील सआरा’ म्हणतात. तीन भाषांत तीन पेले आहेत, पण भांडणे तीच.

वैद्यकातही अशी रूपके आहेत. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे दिवस कठीण गेले तर डॉक्टर ते ‘वादळी’ गेले असे लिहितात. आम्हां परिचारिकांना त्या शब्दाचा उपयोग नसे. ताप किती, नाडी किती, लघवी किती झाली, हे हवे असे. उलट ‘थायरॉइड स्टॉर्म’ हेही रूपकच, पण ते कानी पडताच प्रत्येकीला आपले काम कळते. तीव्र ताप, धावती नाडी, भ्रम: रुग्ण तासांत हातचा जाऊ शकतो. म्हणून माझी कसोटी अशी: शब्द रूपक असो वा नसो, तो ऐकून ऐकणाऱ्याला पुढे काय करावे हे कळते काय?

आपल्या शास्त्रांतही वादळ दोन्ही अर्थांनी येते. किपूरच्या दुपारी आपण योना नाबीचे पुस्तक वाचतो; त्यातील ‘सआर’ खरेच तारू मोडू पाहतो, आणि नाबीच्या मनातील खळबळही तोच दाखवितो. एलियाहू हनाबी ‘सआरा’मधून वर गेले. पण त्याआधी होरेब पर्वतावर प्रचंड वारा सुटला, तेव्हा आदोनाय त्या वाऱ्यात नव्हता. वाणी नंतर आली, अगदी मंद. मलिदाच्या ताटापुढे एलियाहू हनाबीचे नाव घेताना हे स्मरणात असावे. आणि आपली स्वतःची कथा? परंपरा सांगते की नवगावाजवळ आपल्या पूर्वजांचे तारू फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ज्या समाजाची आठवण वादळापासून सुरू होते, त्याने हा शब्द स्वस्त करू नये.

हे मी केवळ शब्दांच्या हौसेने सांगत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. किती सौम्य नाव! ‘गुलाब’ बंगालच्या उपसागरातून भारत ओलांडून अरबी समुद्रात उतरले, तेथे ‘शाहीन’ झाले आणि ३ ऑक्टोबर २०२१ रोजी ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर आदळले. ही नावे आसपासच्या देशांनी दिलेल्या यादीतून ठरतात. गोनू हे मालदीवचे, निसर्ग बांगलादेशाचे, शाहीन कतारचे. नाव म्हणजे रुग्णाच्या मनगटावरची पट्टी. तिच्यावरून ताप कळत नाही. ताप कळतो तो श्रेणीवरून. वाऱ्याचा वेग ताशी ६२ ते ८८ किलोमीटर असेल तर ‘चक्रीवादळ’, ८९ ते ११७ असेल तर ‘तीव्र चक्रीवादळ’, आणि त्यापुढे आणखी वरच्या श्रेणी. कोळी बांधव बंदरावरचा बावटा कितव्या क्रमांकाचा आहे हे विचारतात, वादळाचे नाव विचारत नाहीत. तेच शहाणपण आपण घ्यावे.

गावाकडे आज अनेक घरांत वृद्ध माणसे एकटी आहेत. मुले मुंबईत, ठाण्यात वा इस्राएलमध्ये. त्यांना दूरध्वनीवर नुसते “तुफान येतंय, जपा” म्हणू नका. श्रेणी सांगा, पाणी कोठवर येईल ते सांगा, कोणाच्या पक्क्या घरात जायचे ते सांगा; औषधे आणि पिण्याचे पाणी किती दिवसांचे भरून ठेवायचे तेही सांगा. आणि घरातील रुसव्याफुगव्यांना मात्र वादळ म्हणण्याचे टाळा. त्यांच्यासाठी पेले पुष्कळ आहेत.

 आदोनाय किनाऱ्यावरच्या आणि समुद्रावरच्या सर्वांचे रक्षण करो. शालोम.