नाण्यावरचा घाव कुणाचा?

खानदेशात पुष्कळ घरांत जुन्या डब्यात किंवा आजीच्या बटव्यात एखादे जुने नाणे निघतेच. ते वेडेवाकडे असले की कुणीतरी सांगतो, "ही टाकसाळीची चूक, लाखात जाईल!" घरची माणसे फसतात ती इथेच.

मोगली रुपयावर फारसीत 'जर्ब' हा शब्द असतो. जर्ब म्हणजे घाव. त्याला जोडून टाकसाळीच्या गावाचे नाव. खानदेशची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर, तिथे अशी टाकसाळ होती. दोन ठशांमध्ये चांदीची चकती ठेवून वरून हातोडा मारीत. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा, म्हणून गावाचे नाव कित्येकदा अर्धेच उमटे. शिवराईवरही अक्षरे अशीच कडेबाहेर गेलेली दिसतात. ही चूक नव्हे, हातकामाची रीतच ती. चकती हलून दुसरा घाव बसला आणि अक्षरे दुहेरी उमटली, तर मात्र ती चूक.

यंत्राच्या नाण्यात कधी आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहते. मग पुढच्या चकतीवर एका बाजूला चित्र नीट उठते आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे, खोलगट उमटते. दोन नाणी एकमेकांवर दाबूनही हा देखावा करतात. पण तिथे मूळची अक्षरे चेपलेली का होईना, खाली दिसतात.

तेव्हा एकच प्रश्न विचारावा : आधी अक्षर की आधी व्रण? अक्षराला कापत, चेपत गेलेला व्रण नंतरचा. १९४३ ते १९४७ या काळातल्या पैशाला मधोमध भोक आहे, ते टाकसाळीचेच. पण राणीछाप रुपयाच्या कडेला अक्षर फोडून पाडलेले भोक माळेसाठीचे. कडी काढली तरी डाग दिल्याची खूण राहते. मोगली रुपयावरचे बारीक छापही बहुधा सराफांचे, चांदी पारखल्याच्या खुणा.

अशा नाण्याला लाखाचा भाव येत नाही, हे खरे. म्हणून ते चिंचेने घासू नये की मोडीतही घालू नये. घासल्याने जुना रंग जातो आणि व्रण कधीचा, याचा पुरावाही जातो. जुन्या नाण्यांच्या विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी आगाऊ शुल्क मागितले तर देऊ नये. बँकेने २०२१ मध्येच लोकांना तसे सावध केले आहे. शेतात जमिनीखाली नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे.

टाकसाळीचा घाव एकदाच बसतो. बाकीचे घाव माणसांनी दिलेले : कुणी पारखले, कुणी गळ्यात घातले. विकताना तेवढे खरे सांगावे, आणि घेणाऱ्यानेही भिंगाखाली पाहूनच पैसे मोजावेत.