चिनी, जपानी व कोरियन भाषांचे अध्ययन कशासाठी?



बारावीची परीक्षा दिलेली मुले आणि त्यांचे पालक आज या सभेत बसलेले आहेत. चिनी, जपानी वा कोरियन भाषा घेऊन पदवी मिळविता येते, हे तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात या तिन्ही भाषांची सोय आहे; शांतिनिकेतनात १९३७ सालापासून चीनभवन उभे आहे. परंतु ‘याचा उपयोग काय?’ असे पालक विचारतात, तेव्हा त्यांना एकच उत्तर मिळते : कंपनीत दुभाष्याची नोकरी. हे उत्तर मी तुच्छ लेखीत नाही. भाकरीचा विचार सोडा, असे सांगणारा मनुष्य बहुधा पोटभर जेवलेला असतो. पण तेवढ्यावरच थांबणे मला मान्य नाही.

ह्युएन-त्संग इ. स. ६२९ मध्ये घराबाहेर पडला, नालंदेत राहून येथील विद्या शिकला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन स्वदेशी परतला. येथे जे ग्रंथ नष्ट झाले, त्यांतील कित्येक आज चिनी भाषांतरांतच उरले आहेत. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’चे अठ्ठावीस सर्ग, पण त्यांतील उत्तरार्ध मूळ संस्कृतात लुप्त झाला आणि चिनी व तिबेटी भाषांतरांत टिकून राहिला. कोरियातील हेइन्सा विहारात तेराव्या शतकात कोरलेले त्रिपिटकाचे ८१ हजारांहून अधिक लाकडी ठसे जतन केलेले आहेत. आपलाच ठेवा वाचण्यासाठी आपण किती दिवस इंग्रजी भाषांतरावर विसंबून राहणार? पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि हिराकावा या जपानी पंडितांच्या सहकार्याने विनयावरील एका अट्ठकथेच्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर १९७० साली प्रसिद्ध केले. पालीच्या जोडीला चिनी घेतल्याने काय साधते, ते त्यावरून दिसते.

भाषा अवघड आहेत काय? चिनी अवघड आहे. एकच ध्वनी चार सुरांत उच्चारला की चार अर्थ होतात. जपानी व कोरियन यांची वाक्यरचना मात्र तुम्हांस ओळखीची वाटेल. आपल्याप्रमाणेच तेथे क्रियापद शेवटी येते आणि प्रत्यय नामाच्या नंतर लागतात. जपानी मुळाक्षरांचा क्रम तर पाहा : अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मंत्रांसाठी आपली वर्णमाला शिकलेल्या भिक्षूंच्या परंपरेतून तो आलेला आहे. खरे कष्ट पुढे आहेत. जपानी शासनाने नित्य वापरासाठी ठरविलेली चित्राक्षरेच २१३६ आहेत!

त्यांपैकी एका अक्षराविषयी मला विशेष सांगावयाचे आहे. त्याचा अर्थ सपाट, समतल. बौद्ध ग्रंथांतील ‘समता’ या शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी त्याच अक्षरापासून शब्द योजिला. चिनीत तो फिंगतंग, जपानीत ब्योदो, कोरियनमध्ये फ्यॉंगदुंग. पुढे १९२२ साली जपानमधील अस्पृश्य मानलेल्या बुराकु समाजाने क्योतो येथे आपली संघटना स्थापिली, तेव्हा तिच्या नावात हेच अक्षर होते : सुइहेइशा, म्हणजे पाण्याच्या पातळीप्रमाणे सर्वांना समान मानणाऱ्यांचा संघ. पुढच्याच वर्षी कोरियात, चिंजू गावी, खाटकाचा धंदा केल्यामुळे हीन लेखलेल्या पेकजंग लोकांनी ह्यंगफ्यंगसा स्थापिली. त्या नावातही तेच अक्षर आहे, आणि सोबत आहे तराजूची दांडी, त्यांच्या नित्याच्या हत्याराची. महाडचा सत्याग्रह त्यानंतरचा, १९२७ चा. कायद्याने जपानातील भेद १८७१ मध्ये आणि कोरियातील १८९४ मध्ये रद्द झाला होता; तरीही या लोकांना संघटना का उभारावी लागली, हे तुम्हां-आम्हांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता एक कटू गोष्ट. जपान बौद्धांचा देश म्हणून आपण त्याच्याकडे आदराने पाहतो. परंतु तेथील काही विहारांनी बुराकु समाजाच्या मृतांना देण्याच्या धर्मनामांत ‘पशू’, ‘चामडे’ अशा अर्थाची अक्षरे घातली आणि ती थडग्यांवर कोरली गेली. १९७९ साली एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या एका प्रमुख अधिकाऱ्याने जपानात असा भेदभाव नाही म्हणून सांगितले. १९८४ मध्ये त्याला ते विधान मागे घ्यावे लागले. अक्षर वाचता न येणारा पाहुणा त्या थडग्यापुढे फुले ठेवून निघून जाईल. ज्याला ते वाचता येते आणि ज्याच्या घराण्याने अशी नावे सोसली आहेत, असा विद्यार्थी तेथे पोहोचला पाहिजे. बुद्धाचे नाव घेणाऱ्या समाजातही भेद कोणत्या वाटेने शिरतो, याचा शोध तो इतरांपेक्षा अधिक कसोशीने घेईल, असे मला वाटते.

म्हणून प्रवेश घेणाऱ्यांना एक व्यवहाराची सूचना करतो. पदवीच्या वर्गात प्रामुख्याने आजची बोलभाषा आणि वृत्तपत्राची भाषा शिकवितात. तेवढ्यावर कुमारजीवाचे एक पानही लागणार नाही. त्यासाठी अभिजात चिनी वेगळी शिकावी लागते. ती शिकविणारे अध्यापक कोठे आहेत याची चौकशी पहिल्याच वर्षी करा, पाली सोडू नका, आणि नोकरी मिळाली तरी रोज दहा अक्षरे गिरविण्याचा परिपाठ चालू ठेवा.