स्क्वाड्रन विमान बदलते तेव्हा



विमानदलाच्या सेवेत उमेदीची वर्षे वेचलेली माणसे आणि त्या सेवेचा इतिहास जिव्हाळ्याने अभ्यासणारी माणसे एकाच मंडपात बसून विचारविनिमय करतात, हा योग आपल्या भाषेत दुर्मीळ आहे. त्या योगाचे अध्यक्षपद आपण माझ्याकडे सोपविले, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा असा शिरस्ता आहे खरा. परंतु मी आज एकाच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधणार आहे. एखादी स्क्वाड्रन आपले जुने विमान सरकारजमा करून सर्वस्वी निराळ्या जातीचे विमान स्वीकारते, तेव्हा तिच्या अंतरंगात काय घडते, हा तो प्रश्न. आपल्या इतिहासलेखनात लढायांची वर्णने विपुल आहेत, शौर्यपदकांच्या मानकऱ्यांची चरित्रेही आहेत. मात्र दोन विमानांमधल्या त्या अस्वस्थ कालखंडाची बोळवण, नवी विमाने दाखल झाली, एवढ्या एका वाक्यावर होते. माझे मत असे आहे की स्क्वाड्रनचे चारित्र्य जितके रणांगणावर कसाला लागते, तितकेच ते या कालखंडात लागते.

आपल्या विमानदलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर वापिटी या दुपंखी विमानांनिशी उभी राहिली. १९४१ मध्ये पेशावर येथे तिला लायसँडर विमाने मिळाली, आणि ती मुंबई इलाख्यातील युद्धनिधीच्या देणगीतून आलेली होती, हे आपण महाराष्ट्रीयांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लायसँडर हे भूसेनेच्या सेवेसाठी, टेहळणीसाठी आणि निरोपांची ने-आण करण्यासाठी घडविलेले संथ विमान. परंतु १९४२ च्या आरंभी ब्रह्मदेशात करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली या मंडळींनी त्याच विमानांना बाँब जोडले आणि सयामच्या हद्दीतील शत्रूच्या विमानतळांवर हल्ले केले. पुढे त्याच स्क्वाड्रनला हरिकेन मिळाले. जे काम संथ विमानाकडून बुद्धीने करून घेतले होते, ते आता वेगवान विमानाकडून नव्या पद्धतीने करून घ्यावयाचे होते; तेव्हा वैमानिकाचा हात जितका बदलावा लागला, तितकीच विचार करण्याची रीतही बदलावी लागली.

परंतु रूपांतराचे खरे मर्म पाहावयाचे असेल, तर बारा क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे वळले पाहिजे. १९४५ च्या अखेरीस ती कोहाट येथे स्पिटफायर विमानांवर जन्मास आली आणि पुढील वर्षीच तिच्या हवाली डाकोटा ही मालवाहू विमाने करण्यात आली. एकट्याने बसून, शत्रूवर झडप घालण्यासाठी घडविलेल्या विमानाच्या जागी दोन एंजिनांचे, सैनिक आणि सामान वाहणारे विमान यावे, हे विमानाचे नव्हे तर कर्तव्याचेच परिवर्तन होते. लढाऊ विमानावरून मालवाहू विमानावर जाणे म्हणजे पायरी उतरणे, अशी समजूत जगातील सर्वच विमानदलांत मूळ धरून आहे. ती समजूत किती भ्रामक आहे हे सिद्ध होण्यास एक वर्षही लागले नाही. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सकाळी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान घेऊन जी विमाने दिल्लीहून श्रीनगरास उतरली, त्यांत याच स्क्वाड्रनच्या डाकोटांनी अग्रभाग घेतला. त्या दिवशी श्रीनगरचा विमानतळ हातचा गेला असता, तर काश्मीर खोऱ्याचा इतिहास निराळा झाला असता. आणि तो विमानतळ स्पिटफायरच्या तोफांनी एकट्याने राखता आला नसता.

त्यानंतर जे घडले ते तर अधिकच विलक्षण आहे. वेढ्यात सापडलेल्या पूंछमध्ये घाईने तयार केलेल्या धावपट्टीवर एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी डाकोटा उतरविले. प्रसंगी याच मालवाहू विमानांच्या दारांतून बाँब लोटण्यात आले. आणि २४ मे १९४८ रोजी मेहेरसिंग जनरल थिमय्या यांना बरोबर घेऊन, हिमालयाच्या खिंडी ओलांडून, सिंधूच्या काठी सोनम नोर्बू या अभियंत्याने आखलेल्या लेहच्या वाळूच्या धावपट्टीवर उतरले. ती धावपट्टी साडेदहा हजार फुटांहून उंच होती, आणि डाकोटाच्या कक्षात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. हेच मेहेरसिंग ब्रह्मदेशच्या मोहिमेत सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख असताना हरिकेनमधून शत्रूच्या प्रदेशाची छायाचित्रे घेत होते. एका विमानावर मुरलेले धैर्य दुसऱ्या विमानावर नव्या शिस्तीने कसे वापरावे, याचा याहून थोर दाखला मला ठाऊक नाही.

त्या सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनची कथा तर आपल्या पुण्याचीच कथा आहे. फाळणीच्या विभागणीत तिचा क्रमांक भारतात काही काळ मावळला. १९५१ मध्ये ती लोहगाव येथे पुन्हा उभी राहिली, ती चार एंजिनांच्या लिबरेटर विमानांवर. हरिकेन एकाच माणसाचे. लिबरेटरला वैमानिक, मार्गदर्शक, संदेशक, यंत्रज्ञ असा सारा संसार लागे. ही विमाने आली कोठून, हेही सांगितले पाहिजे. महायुद्ध संपल्यावर कानपूर येथे टाकून दिलेली, पुन्हा कोणास वापरता येऊ नयेत अशा हेतूने जाणूनबुजून नासधूस केलेली ही यंत्रे हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी उडण्याजोगी केली, जमशेद मुन्शी या चाचणी-वैमानिकाने ती एकेक करून बंगलोरला उडवीत नेली, आणि तेथे त्यांची संपूर्ण पुनर्बांधणी झाली. मोडीत काढलेल्या यंत्रांवर एका स्वतंत्र राष्ट्राचे जड बाँबफेकी दल उभे राहिले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत नसावी याचे मला दुःख होते. पुढे साठीच्या दशकाच्या आरंभी या स्क्वाड्रनला एअर इंडियाच्या ताफ्यातील सुपर कॉन्स्टेलेशन मिळाली, मग कॅनबेरा, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात समुद्रावरील लक्ष्ये टिपणारी जॅग्वार. एकाच्या आसनावरून अनेकांच्या आसनांकडे आणि पुन्हा एकाच्या आसनाकडे, असा हा प्रवास आहे. टेहळणीचा आणि सागराचा धागा मात्र त्यातून फारसा तुटला नाही.

येथे एका अवघड गोष्टीचा उच्चार केलाच पाहिजे. स्क्वाड्रन पुढे जाते, तेव्हा तिच्यातील प्रत्येकजण पुढे जात नाही. १९८१ मध्ये पाच क्रमांकाच्या स्क्वाड्रनने कॅनबेरा सोडून जॅग्वार घेतले. कॅनबेरात वैमानिकाच्या जोडीला मार्गदर्शक असे. विमानाच्या नाकाडात पालथे पडून, नकाशा आणि घड्याळ यांच्या आधारे तो रात्रीच्या अंधारात लक्ष्याची वाट काढी, आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांत कॅनबेरांनी शत्रूच्या प्रदेशात खोलवर जे मारे केले, त्यांचे अर्धे श्रेय या माणसाचे आहे. जॅग्वारमध्ये त्याची जागा यंत्राने घेतली. पुढे आपल्याच अभियंत्यांनी डॅरिन ही प्रणाली बसवून ते यंत्र अधिक अचूक केले. युद्धशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु ज्या मार्गदर्शकांनी त्या स्क्वाड्रनची कीर्ती घडविली, त्यांना तिच्या नव्या आयुष्यात आसन उरले नाही, आणि त्यांच्या निरोपाची नोंद कोणत्याही दप्तरात पुरेशा विस्ताराने झालेली मला आढळली नाही. नव्या विमानाच्या स्वागताचे छायाचित्र प्रत्येक वर्तमानपत्रात येते. निघून गेलेल्या कौशल्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

जमिनीवरील माणसांची कथा याहून निराळी, आणि मला ती अधिक उद्बोधक वाटते, कारण तीच माणसे जुने विमान निरोपाच्या दिवसापर्यंत उड्डाणयोग्य राखतात आणि तीच नव्या विमानाचे झाकण प्रथम उघडतात. पंचेचाळीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे उदाहरण घ्या. तिच्या व्हँपायर विमानाच्या मध्यभागाचा सांगाडा प्लायवुड आणि बाल्सा लाकडाचा होता. लाकूड कोठे फुगते, सांधा कोठे उकलतो, हे ज्याला बोटाने कळत असे तोच तेथे खरा कारागीर. १ सप्टेंबर १९६५ च्या सायंकाळी छांबच्या रणांगणावर आपली चार व्हँपायर विमाने पडली आणि त्या पिढीच्या विमानाची आघाडीवरील मुदत संपली, हे निर्विवाद ठरले. मग मिग-२१ आले. धातूचे, स्वनातीत वेगाचे, आणि ज्याचे वेगमापक मैलांऐवजी किलोमीटर व उंचीमापक फुटांऐवजी मीटर दाखवीत असे विमान. इंग्रजी पुस्तकांवर वाढलेल्या फिटरला रशियन अक्षरांशी सलगी करावी लागली आणि हत्यारपेटीतील पान्यांची मापेदेखील बदलावी लागली. आणि १ जुलै २०१६ रोजी याच स्क्वाड्रनने बंगळुरू येथे तेजस स्वीकारले, ज्याचे बाह्यांग बहुतांशी कार्बनतंतूंच्या मिश्रणाचे आहे आणि जे स्वभावतः अस्थिर असल्याने संगणकाच्या अखंड साहाय्यावाचून उडूच शकत नाही. लाकूड, धातू आणि कार्बन अशी ही तीन युगे एकाच क्रमांकाखाली नांदली.

क्रमांकाच्या सातत्यावर कित्येक अभ्यासक आक्षेप घेतात. माणसे बदलली, विमान बदलले, तळ बदलला, मधली काही वर्षे तर स्क्वाड्रन कागदोपत्री विसर्जित होती. मग तीच स्क्वाड्रन कशी म्हणावी, असा त्यांचा सवाल असतो. अठरा क्रमांकाची स्क्वाड्रन २०१६ मध्ये मिग-२७ विमानांसह थांबली आणि २७ मे २०२० रोजी सुलूर येथे तेजस घेऊन पुन्हा उभी राहिली. परंतु १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या आकाशात निर्मलजितसिंग सेखाँ यांनी आपल्या चिमुकल्या नॅटमधून ज्या स्क्वाड्रनसाठी प्राण वेचले, तिचाच क्रमांक आपल्या छातीवर आहे हे ज्ञान तेजसमध्ये बसणाऱ्या तरुणाला निराधार म्हणून टाकता येणार नाही. कागदाने जे तोडले ते स्मृतीने जोडले. अट एवढीच की स्मृती लिहिलेली असली पाहिजे.

म्हणून आपणांस माझी एक निश्चित विनंती आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे मिग-२१ ने समारंभपूर्वक निरोप घेतला. हे विमान आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बनले, आणि ज्या मराठी हातांनी ते बनविले, दुरुस्त केले, त्यांतील अनेकजण आज वार्धक्यात आहेत. आता त्याच ओझरला तेजसची जोडणी सुरू झाली आहे. या सभागृहात ज्यांनी असे एखादे रूपांतर वैमानिक, मार्गदर्शक, फिटर, रिगर किंवा भांडारातील कारकून म्हणून अनुभवले असेल, त्यांनी कोणते हत्यार निरुपयोगी ठरले, कोणता दोष प्रथम हाती लागला, कोणता सहकारी मागे राहिला, हे सारे साध्या मराठीत लिहून पुढील अधिवेशनापूर्वी परिषदेच्या कार्यवाहांकडे पाठवावे. भाषा सजविण्याची गरज नाही. तारीख, तळ आणि विमान अचूक असावे. जे हयात आहेत पण लिहू शकत नाहीत, त्यांच्याकडे तरुण अभ्यासकांनी स्वतः जावे, आणि ते याच वर्षी जावे.