बुडबुड्याभोंवतालचा पदर

क्षणभंगुरतेला उपमा द्यावयाची झाली कीं बुडबुड्याची आठवण होते. परंतु शास्त्रज्ञांनीं या क्षुद्र वस्तूकडून मोठें काम करून घेतलें आहे. बारीक काचनळींतून वाहणाऱ्या द्रवाचा वेग मोजावयाचा असला, तर तींत हवेचा एक लांबट बुडबुडा सोडून त्याची चाल मोजावी, अशी एक युक्ति आहे. बुडबुडा द्रवाच्याच गतीनें चालेल, असें कोणासहि वाटेल. परंतु फेअरब्रदर व स्टब्स यांनीं १९३५ सालीं ही युक्ति पारखून पाहिली, तेव्हां बुडबुडा द्रवापेक्षां किंचित् अधिक वेगानें जातो, असें आढळलें.

याचें कारण काय? बुडबुडा नळीच्या भिंतीला टेकत नाहीं. दोहोंमध्यें द्रवाचा अत्यंत पातळ व जवळजवळ स्थिर असा पदर राहतो. तेवढी वाट अरुंद झाल्यामुळें बुडबुड्यास त्वरा करावी लागते.

या पदराच्या जाडीचा नियम ब्रेदरटन यांनीं १९६१ सालीं गणितानें मांडला. द्रवाचा चिकटपणा पदर भिंतीशीं धरून ठेवतो, तर पृष्ठताण तो खरवडून काढूं पाहतो. वेग आठपट झाला तर जाडी चौपट होते. १ मिलिमीटर व्यासाच्या नळींतील पाण्यांत बुडबुडा सेकंदास १ मिलिमीटर सरकला, तर पदर मिलिमीटरच्या सुमारें २५०० व्या भागाइतका जाड असतो. हाच वेग हजारपट मंद केला, तर नियमाप्रमाणें जाडी शंभरपट घटावी. म्हणजे पाण्याचे दहापंधरा रेणू एकावर एक रचावे, एवढीच!

येथें मात्र रेणूंचे रागलोभ प्रभावी होतात. भिंतीला द्रवाची ओढ असली, तर ती पदर घट्ट धरून ठेवते. मग वेग कितीहि मंदावला तरी तो एका मर्यादेपलीकडे पातळ होत नाहीं. उलट, द्रवाचें आपसांतील आकर्षण भिंतीच्या ओढीपेक्षां प्रबळ असलें, तर पदर फाटतो, भिंत कोरडी पडते आणि बुडबुडा तिला चिकटून बसतो.

हें फाटणें नेहमींच अनिष्ट असतें असें नाहीं. तांब्याच्या खनिजाची पूड पाण्यांत कालवून तींतून हवेचे बुडबुडे सोडतात. खनिजाच्या कणांवर पाणी झिडकारणाऱ्या रसायनाचा लेप बसविलेला असतो. त्यांच्याभोंवतालचा पदर फाटतो, ते बुडबुड्यांस चिकटून फेंसाबरोबर वर येतात. निरुपयोगी दगडाच्या कणांवरील पदर टिकतो व ते खालींच राहतात. घराघरांत वीज आणणाऱ्या तांब्याच्या तारेचा उगम पुष्कळदां अशा एका न दिसणाऱ्या पदराच्या फाटण्यांतच झालेला असतो.