सहा अणूंची साक्ष



आमच्या भिवंडीत मागावरून उतरलेलं कापड व्यापारी आधी भिंगाखाली धरतो आणि एका इंचात आडवे धागे किती, ते मोजतो. त्याला इथे ‘पिक’ म्हणतात. सुताचा नंबर ठाऊक असला आणि पिक कळले, की ताग्यात आडवं सूत किती गेलं याचा हिशेब लागतो. तागा उसवावा लागत नाही.

प्रथिनं मोजण्याची एक रीत अशीच आहे. माझ्या अम्मीला मधुमेह होता, म्हणून उदाहरण इन्शुलिनचं घेतो. तेही प्रथिनच. त्याची रचना फ्रेडरिक सँगर यांनी 1955 साली उलगडली. माणसाच्या इन्शुलिनच्या प्रत्येक रेणूत गंधकाचे नेमके सहा अणू असतात. गंधकाचे अणू मोजा, सहाने भागा, की रेणू किती ते कळलं!

अणू मोजणारं यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. त्याला आर्गॉन वायूच्या ज्योतीची जोड देणारी रीत अमेरिकेत आयोवातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली मांडली. द्रावणाचा फवारा हजारो अंश तापलेल्या ज्योतीत सोडतात. रेणू मोडतात, सुटे अणू विद्युतभारित होतात आणि वजनाप्रमाणे निवडून मोजले जातात. एक अडचण येते. ऑक्सिजनच्या दोन अणूंची जोडी आणि गंधकाचा अणू, दोघांचं वजन 32. म्हणून गंधकाला आणखी एक ऑक्सिजन जोडून त्याला 48 वर मोजतात. नमुन्यात गंधक असलेलं दुसरं काही असेल, तर ते आधी वेगळं काढावं लागतं.

एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडच्या 40 युनिटांच्या बाटलीत, दर मिलिलिटरला इन्शुलिन असतं जेमतेम 1.4 मिलिग्रॅम. कमी पडलं तरी धोका, जास्त झालं तरी धोका. ज्या शुद्ध नमुन्याशी बाकीचे ताडायचे, तो तरी अचूक मोजलेला हवा.

पण एक गोष्ट सांगतो. भारनियमनाच्या दिवसांत फ्रिज तासन् तास बंद असे. एका उन्हाळ्यात अम्मीचा डोस बरोबर, तरी साखर उतरेना. औषध उष्णतेनं बिघडलंय, असं डॉक्टर म्हणाले. ती बाटली त्या यंत्रात तपासली असती, तर गंधक पुरेपूर भरलं असतं! अणू तेच, संख्या तीच; प्रथिनाची घडी मात्र विस्कटलेली. कुजलेल्या कापडाचे पिकही बरोबरच भरतात.

‘किती आहे’ आणि ‘कामाचं आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न. पहिल्याचं उत्तर ती ज्योत देते. दुसऱ्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत, आणि घरापुरती काळजी आपल्याच हाती आहे. बाटली उन्हापासून जपा, गोठू देऊ नका आणि तिच्यावरची मुदत वाचत जा.